कुरणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

कोल्हापुरात ताराबाई हे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे कावळा नाक्यावरचा घोड्यावरचा पुतळाच उभा राहतो. करवीरच्या गादीच्या महाराणी त्या. त्यांच्यापुढे दुसऱ्या कोणा ताराबाईंचे नाव आपल्या तोंडी यावे तरी कसे? पण मी आज ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्या ताराबाई मोडक. त्यांचे नाव पुष्कळ भगिनींनी ऐकलेही नसेल, पण त्यांच्या घरचा एक शब्द आपण रोज वापरतो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी.

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा अध्यक्षबाईंचा निरोप आला तेव्हा मी एखादी पाककृती लिहून देणार होते. मी सातवी शिकलेली बाई, माझ्या हातून लेख कसला होणार? पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्या बालवाडीवरून जी बोलाचाली झाली ती सर्वांच्या ध्यानात असेल. बालवाडीची मुले महिन्यातून एकदा शेतावर न्यावीत, अशी सूचना आली आणि निम्म्याहून अधिक आया उठून उभ्या राहिल्या. चिखलात लोळायला का आम्ही पैसे भरतो, असे एकीने विचारले. साप-किरडू निघाले तर जबाबदार कोण, असे दुसरीने. तिसरीचे म्हणणे असे की, पहिलीच्या प्रवेशाला एबीसीडी विचारतात, तिथे म्हशीचे नाव कोणी विचारत नाही. कोणाचेच बोलणे अगदी खोटे नव्हते. त्या दिवशी ठराव बारगळला. मला मात्र राहून राहून ताराबाईंची आठवण येत होती. मंडळाच्या पेटीत अनुताई वाघ यांचे कोसबादच्या टेकडीवरून हे आत्मचरित्र आहे, ते मी दोन वेळा वाचले आहे. त्यानंतर ताराबाईंविषयी जिथे जे मिळाले ते वाचत गेले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे, म्हणजे मुलीला शिकवणे हे पाप न मानणारे. त्या काळी आपल्याकडे मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत. ताराबाई मात्र शिकत राहिल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढल्या वर्षी त्यांचे लग्न झाले. यजमान अमरावतीचे वकील, नाव मोठे. पण संसार काही टिकला नाही. १९२१ साली ताराबाई वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी. आज एकविसाव्या शतकातही नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई आपल्या गल्लीत राहायला आली तर आपण कसे बघतो, ते ज्याचे त्याने मनाशी पाहावे. शंभर वर्षांपूर्वीचे तर बोलायलाच नको. संसार का मोडला, याची चिकित्सा मी करणार नाही. तो आपला विषय नव्हे.

त्या गेल्या कुठे, तर काठेवाडात राजकोटला. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका तयार होत. त्या कॉलेजच्या त्या प्रिन्सिपल झाल्या. तोपर्यंत ती खुर्ची गोऱ्या बायकांची होती. पगार, मान, बंगला, सारे मिळाले. तिथेच राहत्या तर सुखाने पेन्शन घेऊन म्हाताऱ्या झाल्या असत्या. पण राजकोटहून जवळ भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. ते मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचाराने त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मुलांवर त्यांची एवढी माया की गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणत. ताराबाई १९२३ साली प्रिन्सिपलची नोकरी सोडून या मिशाळ आईच्या बालमंदिरात दाखल झाल्या. अडीच-तीन वर्षांच्या पोरांत बी. ए. झालेल्या बाईने जाऊन बसायचे, हे तेव्हाच्या शहाण्या लोकांना कसे वाटले असेल!

इथे माँटेसरीबाईंविषयी थोडे सांगायला हवे, कारण माँटेसरी हा शब्द आपण फक्त पाट्यांवर वाचतो. मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टर. १९०७ साली रोम शहरातल्या सॅन लोरेन्झो या मजूर वस्तीत त्यांनी पहिले बालगृह काढले. आईबाप कामावर गेले की तिथली पोरे जिन्यांतून उंडारत, भिंती खराब करीत. त्या पोरांना त्यांनी हाताला काम दिले. रंग लावायचे, ठोकळे रचायचे, बटणे घालायची, पाणी ओतायचे. मूल आपल्या हाताने करते तेव्हाच शिकते, ही त्यांची मुख्य गोष्ट. म्हणजे पाहा, माँटेसरी मूळची गरिबांच्या पोरांसाठी निघाली होती. आपल्याकडे येता येता ती मोठ्या फीची झाली. गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनी ती आपल्या मातीत आणण्याचा प्रयत्न केला. गोष्टी, गाणी, बागकाम, फिरायला जाणे, हे सारे त्यात घातले. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि शिक्षणपत्रिका चालवली. तिची मराठी पत्रिका १९३३ साली ताराबाईंनी सुरू केली.

मधली वर्षे मी भरभर सांगते. १९३२ साली त्यांनी भावनगर सोडले व त्या मुंबईस आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. शिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही चालू झाले. दादरची सुशिक्षित मंडळी आपली मुले हौसेने तिथे घालू लागली. १९३९ साली गिजुभाई वारले. पुढे १९४६ ते १९५१ ताराबाई मुंबईच्या विधानसभेतही होत्या. नाव झाले, मान झाला. कोणीही म्हणाले असते, बाईने मिळवायचे ते मिळवले.

पण ताराबाईंच्या मनाला एक टोचणी होती. आपण जे शिकवतो ते कोणाच्या मुलांना, हा विचार त्यांना सोडीना. शिशुविहारात येणाऱ्या मुलाच्या घरी तशीही पुस्तके होती, आजी गोष्टी सांगत होती, दूध-तूप होते. ज्या मुलाला काहीच नाही त्याच्यापर्यंत ही विद्या गेलीच नव्हती. महात्माजींचाही रोख तोच होता. १९३१ साली ते विलायतेस गेले तेव्हा माँटेसरीबाईंची व त्यांची भेट झाली होती, आणि खेड्यातल्या दरिद्री मुलाला हे परवडेल असे कसे करता येईल, हाच गांधीजींपुढचा प्रश्न होता. ताराबाईंनी त्याचे उत्तर स्वतः शोधायचे ठरवले. १९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या. त्रेपन्नावे वर्ष म्हणजे, भगिनींनो, आपण गुडघ्याला तेल चोळत सुनेची वाट बघतो ते वर्ष!

बोर्डी हे गाव मुंबईच्या वर, समुद्रकाठी, गुजरातच्या हद्दीपाशी. चिकूच्या वाड्या, ताडाची झाडे, आणि आतल्या डोंगरपट्ट्यात वारली लोकांचे पाडे. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर जिल्हा झाला. वारली माणूस सावकाराच्या व जमीनमालकाच्या वेठीला बांधलेला. त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली तलासरी-डहाणूकडचे वारली वेठीविरुद्ध उठले. सारा मुलूख धगधगत होता. त्या मुलुखात ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले.

त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. त्यांची कथा ऐकून डोळ्यांत पाणी येते. जन्म मोरगावचा, १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत कपाळ पांढरे. पण माहेरच्यांनी शिकवले, त्या शिक्षिका झाल्या. ताराबाईंची गाठ पडली आणि पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या त्या कायमच्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरू होण्याआधीच संपलेला. अशा दोघी बायकांनी मिळून शेकडो पोरांचे संगोपन केले. जगात गुरु-शिष्यांच्या जोड्या पुष्कळ गायल्या जातात, दोन बायकांच्या जोडीचे गाणे मात्र कोणी म्हणत नाही, हे मला खटकते.

बोर्डीला पहिल्या दिवसापासून अडचणीच होत्या. मुले येईनात. घरोघर जाऊन गोळा करावी लागत. आलेली मुले उपाशी, अंगावर खरूज, केसांत उवा, नखे वाढलेली. तेव्हा शिक्षण सुरू झाले ते अंघोळीपासून. अंघोळ, वेणीफणी, नखे कापणे, मग काहीतरी पोटाला, आणि मग गाणी-खेळ. दुसरी अडचण सामानाची. माँटेसरीचे साहित्य पॉलिशदार लाकडाचे, महागडे. ते खेड्यात कुठून आणायचे? ताराबाईंनी आजूबाजूला पाहिले. समुद्रावर शिंपले होते, झाडाखाली बिया होत्या, बांबू होता, माती होती, पाने-फुले होती, खडे होते. लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, हलके-जड, सारे काही देवाने आधीच करून ठेवलेले. मोजायला चिंचोके. रंग ओळखायला फुले. वास ओळखायला पाला. यातले एकही दुकानातून आणावे लागत नव्हते. आपल्या बालवाडीत गेल्या वर्षी प्लास्टिकच्या फळांचा संच आणला, त्याला किती पैसे पडले ते खजिनदारबाईंना ठाऊक आहे. त्यातला पेरू वासाला कसा लागतो, ते पोरांना कोण सांगणार?

तिसरी अडचण सर्वांत अवघड. केंद्र एका जागी, आणि गावातले हरिजनवाड्यातले मूल त्या जागी येईना. काही अंतराने, काही भीतीने, काही जातीच्या शिवाशिवीने. मुलाला ओढून आणावे तर आई बिचकते. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडी मुलाकडे न्यायची. शिक्षिकेने पेटारा उचलायचा आणि सरळ वाड्यात जाऊन कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणात मांडायचा. आसपासची मुले आपोआप गोळा होतात, आई चुलीपाशी बसल्या बसल्या बघते, धाकट्याला कडेवर घेऊन थोरली बहीणही येते. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या ताईंना मी हे सांगितले तेव्हा त्यासुद्धा चकित झाल्या. इतकी वर्षे नोकरी करून शब्द कुठून आला हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे शेतीशिक्षणाचेही काम होते. खाली गवताची कुरणे, भाताची खाचरे, चहूकडे वारल्यांचे पाडे. इथे मुले थोडी मोठी, सात-आठ-दहा वर्षांची, आणि ती तर अंगणातही सापडेनात. सकाळी पाहावे तर घर रिकामे. आईबाप मजुरीला आणि पोर गुरांमागे रानात. शाळेत नाव घातले तरी गुरे कोण राखणार?

आपल्या कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. महाराजांचे ते करणे थोरच, त्याविना आपल्या आज्या-पणज्यांना अक्षर दिसले नसते. पण तेव्हाही कितीतरी घरी पोरगे शाळेत गेले की शेरडे कोण राखणार, हे कोडे पडले असणार. वारल्याला दंड करून काय मिळणार होते? त्याच्यापाशी रुपयाच नव्हता.

मग ताराबाई आणि अनुताई यांनी अंगणात केले तेच रानात केले. शिक्षकाने सकाळी झोळी खांद्याला लावायची आणि गुरांच्या मागे कुरणात जायचे. गुरे चरायला सुटली की एखाद्या झाडाखाली पोरे जमवायची. तिथेच ओढ्यावर हातपाय धुणे, तिथेच गाणी, गोष्टी, तिथेच मातीवर काडीने अक्षर. एक डोळा गुरांवर ठेवून शिकायचे. हीच कुरणशाळा. तिला भिंत नव्हती, घंटा नव्हती, आणि फी तर नव्हतीच. दिवसा ज्यांना येताच येत नसे त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

या कुरणशाळेविषयी वाचताना माझा हात थांबला होता, कारण मी स्वतः म्हशी राखल्या आहेत. माझे माहेर कुंभी नदीकाठचे. सातवीपर्यंत शाळा गावात होती, पुढचे हायस्कूल नदीपलीकडे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी येई आणि घरी तीन म्हशी. भाऊ पुढे शिकला, मी म्हशींमागे गेले. रागाने लिहीत नाही, तेव्हा घरोघर तसेच होते. पण बांधावर बसून मला काय काय येत होते ते सांगते. म्हैस कोणते गवत खाते आणि कोणते हुंगून सोडते, हे मला येत होते. मुंग्या तोंडात अंडी धरून वर चालल्या की घोंगडे जवळ घ्यावे, हे येत होते. टिटवीने उघड्या मातीत घातलेली अंडी पायाखाली येऊ न देता कसे चालावे, ते येत होते. तरवट्याची भाजी कोवळी कधी, कुर्डू कुठे उगवतो, ओढ्याचे पाणी गढूळ झाले म्हणजे वर डोंगरात पाऊस झाला, हे सारे येत होते. मात्र यातली एकही गोष्ट मला येते असे मला कोणी कधी म्हटले नाही. शाळेच्या हिशेबी मी शाळा सोडलेली मुलगी, बस्स. कुरणशाळेतल्या मास्तराने तिथूनच सुरुवात केली असती. टिटवीच्या अंड्यांपासून मोजणी, मुंग्यांपासून पावसाचा धडा. माझ्या बांधावर कोणी झोळी घेऊन आले असते तर, असे मनात येते खरे.

कोणी विचारील, म्हणजे मुलांनी गुरेच राखावीत काय? ताराबाईंनी पोरांचे काम चालू ठेवले, हे बरे केले काय? ही शंका मलाही आली. आज कायदा आहे, २०१० च्या १ एप्रिलपासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण ताराबाईंपुढे पन्नास-साठ सालचे वारली घर होते. दारिद्र्य हटेल तेव्हा शिकवू असे म्हणून त्या बसल्या असत्या तर ते पोर तोवर बाप्या झाले असते. त्यांनी गुरे राखण्याचे कौतुक केले नाही, आणि गुरे राखतो म्हणून मुलाला टाकूनही दिले नाही. मला तरी ते पटते.

कोसबादला त्यांनी आणखी एक केले. तान्ह्यांचे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली व त्याला विकासवाडी म्हटले. कारण साधे. थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. धाकट्याला पाळण्यात ठेवायची सोय झाली की थोरली सुटते. हे बाईलाच सुचायचे. बाप्यांच्या कमिटीत या गोष्टीचा ठराव कधी झाला नसता, असे मी म्हटले तर कोणी रागावू नये.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. पण मानाच्या गोष्टी फार सांगण्यात अर्थ नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. दोनच वर्षांनी, १९७५ च्या २ ऑक्टोबरला, सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. ते नाव देशभर झाले, ते पाहायला त्या राहिल्या नाहीत. अनुताईंनी मात्र टेकडी सोडली नाही. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या.

आता पुन्हा आपल्या मंडळाच्या गोष्टीकडे येते. वारल्यांच्या पोराला रान होते, पाटी नव्हती. आपल्या पोरांना पाटी काय, मोबाइलसुद्धा आहे, रान गेले. कोल्हापूर असे शहर की गंगावेशीत कट्ट्यावर उभ्या उभ्या म्हशीचे धारोष्ण दूध प्यावे. म्हणून आपल्या मुलांना निदान दूध पिशवीत होत नाही एवढे तरी ठाऊक असते. पण ऊस मुळाकडून गोड की शेंड्याकडून, ते परवा आमच्या गल्लीतल्या सहा मुलांतल्या एकालाही सांगता आले नाही. आणि आपण राहतो उसाच्या जिल्ह्यात! कणेरी मठावर गावगाड्याचे पुतळे फार सुबक केले आहेत, मी पोरांना दोनदा नेले. माझ्या धाकटीने तिथल्या बैलापुढे गवत धरले आणि तो का खात नाही म्हणून मला विचारले. पुतळा काय दाखवायचा ते दाखवतो, त्याचा दोष नाही. पण बैलाची जीभ हाताला लागली पाहिजे.

हल्ली शेतावर सहलींचे मोठे प्रस्थ आहे. तिकीट काढा, बैलगाडीत बसा, हुरडा खा, फोटो काढा, संध्याकाळी परत. मजा येते, नाही असे नाही. पण त्यात मूल गिऱ्हाईक असते. ताराबाईंच्या कुरणात ते गिऱ्हाईक नव्हते. तिथले पान त्याला माहीत होते, तिथले काम त्याचे होते. म्हणून मला असे वाटते की आपण वर्षातून एकदा मोठी सहल काढण्यापेक्षा त्याच शेतावर, त्याच वाफ्याशी, पुन्हा पुन्हा जावे. एकदा पाहिलेले रोप म्हणजे चित्र. पेरलेले, महिन्याने गुडघ्याएवढे झालेले, मग फुललेले, कीड पडलेले, कापलेले असे पाहिले म्हणजे पोराला काही कळते. कीड पडली तर पडू दे, तेही पाहू दे. आमच्या शेतकरी घरात पोरांनी ते पाहिलेलेच असते.

सापांविषयी ज्या भगिनी बोलल्या त्यांचे मला पटते. म्हणून उंच गवतात व उसाच्या फडात मुले न्यायची नाहीत, भाजीच्या मोकळ्या वाफ्यांतच न्यायची. पायांत बूट हवेत. चार मुलांमागे एक बाई हवी, आणि औषधांची पेटी बरोबर हवी. चिखलाविषयी मात्र माझा इलाज नाही. चिखल धुतला की जातो. पहिलीच्या प्रवेशाची भीती वाटते त्यांना एवढेच सांगते की, चिंचोके मोजणारे पोर अंक विसरत नाही, हे बोर्डीला त्या दोघी बायकांनी वर्षानुवर्षे पाहिले होते.

आपल्या एका भगिनींचा मळा शिवाजी पुलापलीकडे वडणग्याच्या वाटेवर आहे. त्यांनी भाजीचे दोन वाफे आनंदाने द्यायचे कबूल केले आहे, भाडे नको म्हणाल्या. ती जमीन पंचगंगेच्या पुराची, २०१९ साली तिथे काय झाले ते सर्वांनी पाहिलेच. तेव्हा पावसाळ्यात जायचे नाही. दसरा झाला, जमीन वाफशावर आली की पहिल्या शनिवारी मेथी आणि हरभरा टाकायचा, आणि मग महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी आठ ते दहा. जवळच्या गुऱ्हाळवाल्यांनी काहील उतरायच्या वेळी मुलांना लांबून रस आटताना दाखवू, असे सांगितले आहे. लांबूनच, कारण काहील तापलेली असते. प्रत्येक मुलाने स्वतःचे खुरपे आणायची गरज नाही, लहान खुरपी बारा जमली आहेत, आणखी सहा-सात लागतील. जुनी, धार गेलेली असली तर अधिक चांगली. ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती मंडळाच्या खोलीत आणून द्यावीत.